बाई म्हणाल्या की

माणूस कसा आहे हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. फक्त ते वाचता येण्यासाठी घरात टीव्ही असावा लागतो. हे सत्य ज्या इमारतीने इतरांच्या आधी ओळखलं, त्या इमारतीत फोटोवाले काका राहत होते. त्यांची बायको गेल्याची बातमी ज्या संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत आली, त्या संध्याकाळी इमारतीच्या दक्षता समितीने आपलं काम किती चोख बजावलं, त्याची ही हकिगत आहे. समितीने बातमी दारातच पकडली, तिच्या तोंडावर टॉवेल टाकला आणि तिला खाली नेऊन वॉचमनच्या खोलीत बसवलं. असा बंदोबस्त आसपासच्या एकाही इमारतीत नाही.

ही समिती कुणाच्या लहरीवर उभी राहिलेली नव्हती. तिला आधार होता रात्री नऊच्या मालिकेचा. मालिकेचं नाव 'नजर ठेवा'. प्रत्येक भागात एका सुखी घराची बेल वाजते, घरातली भोळी बाई दार उघडते, बाहेर अनोळखी माणूस असतो, आणि पुढचं सगळं पार्श्वसंगीतावरून कळतं. चारशेहून जास्त भागांत अनोळखी माणूस एकदाही काही चांगलं सांगायला आलेला नाही. (एकदा आला होता, पण जाहिरातीनंतर त्यानेही चाकू काढला.) समितीने पाहणी केली तेव्हा इमारतीतल्या बावीसपैकी एकवीस घरांत ही मालिका बघितली जाते असं आढळलं. बाविसाव्या घरातला टीव्ही बिघडलेला होता. तो दुरुस्त होईपर्यंत समितीने त्या घरावर नजर ठेवली.

मालिकेच्या अभ्यासातून 'अनोळखी इसम निवारण कार्यपद्धती' तयार झाली आणि जिन्याखाली लावली गेली. अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचलू नये. दार साखळी लावूनच उघडावं. इसम दिसताच 'समिती!' अशी मोठ्याने हाक मारावी. पकडलेल्या इसमाचा चेहरा ताबडतोब झाकावा, कारण बातम्यांत पकडलेल्या माणसाचा चेहरा झाकलेलाच असतो. उघड्या तोंडाचा माणूस पकडल्यासारखा वाटत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम म्हणजे, अनोळखी इसमास वाक्य पूर्ण करू देऊ नये. मालिकेत ज्यांनी ज्यांनी समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं, ते सगळे दुसऱ्या जाहिरातीच्या आत फसले होते. फाटकावर 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटीही होती. कॅमेरा नव्हता. पण मालिकेतले चोर पाटी वाचूनच दचकतात, तेव्हा कॅमेऱ्याची घाई करण्याचं कारण समितीला दिसलं नाही.

वाक्य तोडण्याचा नियम सुचवला होता फोटोवाल्या काकांनी. त्याबद्दल सचिवांनी भर सभेत त्यांचं कौतुक केलं होतं. काकांच्या मताला वजन होतं, कारण चेहरे हा त्यांचा धंदाच. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं ओळखपत्रांचे फोटो काढण्याचं दुकान होतं. स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते तीन गोष्टी सांगत: हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. अर्ध्या गावाचे कान त्यांनी बघितले होते.

कार्यपद्धती एकाच व्यक्तीने पाळली नाही, ती म्हणजे काकांची बायको. इमारतीत तिला सगळे काकू म्हणत. काकू साबण विकणारीचं ऐकून घ्यायच्या, मीटर बघणाऱ्याचं ऐकून घ्यायच्या, पत्ता चुकून आलेल्याचं तर सगळ्यांत जास्त ऐकून घ्यायच्या, आणि वर पाणी हवं का विचारायच्या. समितीने त्यांना दोनदा लेखी समज दिली. दोन्ही कागद काकूंनी ओट्यावर गरम पातेल्याखाली ठेवायला घेतले. नऊ वाजता काका मालिका बघत बसत. खलनायक पडद्यावर आला की उठून कडी तपासत, आणि काकू म्हणत, "दिवसभर माणसांची तोंडं बघता आणि घरी येऊन या मेल्याला घाबरता. त्याला तिकडे मेकअप करायला माणूस आहे, कळतंय का?"

त्या दिवशी काकू पडद्यांच्या रिंगा आणायला गेल्या. फोन नेहमीप्रमाणे घरीच, चार्जिंगला. बसस्टॉपपाशी त्यांना चक्कर आली आणि त्या खाली बसल्या. कुणीतरी त्यांना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. काकूंना दोनच नंबर पाठ होते, नवऱ्याचा आणि मुलीचा. दवाखान्याने आधी नवऱ्याला फोन लावला. अनोळखी नंबर. काकांनी उचलला नाही. परत वाजला, परत उचलला नाही. सात वेळा वाजला. इतक्या चिकाटीचा भामटा काकांनी पाहिला नव्हता. ही आली की हिला सांगायचं, सात वेळा वाजला तरी बळी पडलो नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ती काय म्हणून हसेल तेही त्यांना ठाऊक होतं.

मग बेल वाजली.

काकांनी साखळी लावून दार उघडलं. फटीतून त्यांना आधी दिसली ती काकूंची पिशवी. बंद तुटलेला आणि निळ्या दोऱ्याने शिवलेला, म्हणजे शंकाच नाही. पिशवी अनोळखी माणसाच्या हातात होती.

"फोटोवाले तुम्हीच ना?" तो म्हणाला. "बाई म्हणाल्या की—"

"समिती!" काका ओरडले.

समिती अडीच मिनिटांत जमली. (सरावात चार लागत असत.) तळमजल्याच्या सचिवांपासून चौथ्या मजल्याच्या निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे आले. काकांच्याच गॅलरीतल्या दोरीवरून पिवळ्या मोठ्या फुलांचा टॉवेल ओढला गेला. सकाळीच काकूंनी तो धुऊन वाळत घातला होता. टॉवेल इसमाच्या डोक्यावर पडला आणि त्याला खाली नेण्यात आलं. जिन्यात तो टॉवेलाच्या आतून काहीतरी सांगत होता, पण नियम सगळ्यांना पाठ होते. सचिवांच्या बायकोने या सगळ्याचं मोबाईलवर चित्रण केलं. ते त्या रात्रीच शेजारच्या सहा इमारतींत पोचलं. त्यात समितीच्या पाठी दिसतात, मधे पिवळी फुलं दिसतात, आणि गलक्यात एकदा 'बाई' एवढं ऐकू येतं. त्यानंतर सचिवांचा आवाज स्पष्ट आहे: "बोलू देऊ नका त्याला."

इतक्यात मुलीचा फोन आला. मुलगी परगावी होती. नवरा फोन उचलत नाही म्हटल्यावर दवाखान्याने तिला लावला, आणि तिच्या इमारतीत समिती नसल्यामुळे तिने तो उचलला. मुलीचा नंबर ओळखीचा होता, म्हणून काकांनीही उचलला.

समिती सगळीच्या सगळी वर धावली. वॉचमनही धावला. दहा मिनिटांनी कुणाला तरी खालच्या खोलीची आठवण झाली, तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीवर काकूंची पिशवी होती, पिशवीत रिंगा होत्या, आणि शेजारी टॉवेल होता. टॉवेलाची घडी घातलेली होती. समितीच्या अहवालात 'इसम पसार' अशी नोंद आहे.

दवाखान्यात नर्सने सांगितलं की ज्याने आणलं तो माणूस शेवटपर्यंत बाईंपाशी बसून होता. दोघं बोलत होती. म्हणजे बाईच जास्त बोलत होत्या. नंतर नवरा फोन उचलेना, तेव्हा मी जाऊन सांगतो म्हणून पत्ता घेऊन तो निघाला. नाव लिहून घ्यायचं राहिलं. दिसायला कसा होता, असं विचारल्यावर नर्स म्हणाली की ती पेशंटकडे बघत होती. हे उत्तर समितीला संशयास्पद वाटलं.

इथून पुढे फोटोवाल्या काकांना जगात एकच गोष्ट हवी होती. दुसरं काही नको होतं. त्या वाक्याचा उरलेला भाग हवा होता.

पण इमारतीला आधी काकांचाच प्रश्न सोडवायचा होता, कारण काका रडत नव्हते. बायको गेल्यावर नवऱ्याने काय करायचं हे मालिकांनी घालून दिलेलं आहे: भिंतीला टेकून हळूहळू खाली बसायचं, तिच्या साडीत तोंड लपवायचं, निदान फोटोशी तरी बोलायचं. न रडणारा नवरा वेगळ्या प्रकारच्या मालिकेत येतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याला बेड्या पडतात. काकांनी त्या दिवशी घरी येऊन गीझर बंद केला, दूध तापवलं, तिचा सकाळचा कप विसळून पालथा घातला. फोटोशी बोलावं तर घरात तिचा एकच धड फोटो होता आणि तो ओळखपत्राचा होता. हनुवटी खाली, कान दिसताहेत, हसू नाही. तीस वर्षांपूर्वी हसू नका असं त्यांनीच तिला सांगितलं होतं, आणि तिने त्यांचं ऐकलेली ती एवढीच गोष्ट. त्या फोटोशी काय बोलणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डबा घेऊन आल्या आणि जाताना साखरेच्या डब्याचा वास घेऊन गेल्या. सचिवांनी मुलीला जिन्यात गाठून विचारलं. ती वर येऊन म्हणाली, "बाबा, चार लोकांसमोर जरा रडा हो. सचिवकाका मला विचारत होते, आईबाबांचं पटायचं ना म्हणून."

"पटायचं नाही," काका म्हणाले. "म्हणून तर एकतीस वर्षं बोलत होतो."

मग काकांनीच समितीला विनंती केली की त्या माणसाला शोधा. समितीला शोधमोहीम म्हणजे पर्वणीच. पोलिसांकडून संशयितांची चित्रं काढणारा चित्रकार बोलावण्यात आला. दमलेला माणूस होता. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या आठ जणांना एकेक करून विचारलं. निष्कर्ष असे. गालावर व्रण होता असं सहा जणांनी सांगितलं. त्यातल्या तिघांना तो डाव्या गालावर दिसला होता, दोघांना उजव्या, आणि एकाने 'नेहमी असतो त्या बाजूला' असं सांगितलं. दाढीबद्दल एकमत होतं. डोळे लाल होते असं पाच जण म्हणाले. पैकी तिघांनी इसमाला फक्त टॉवेलासकट पाहिलं होतं. मास्तरांना त्याच्या येण्याआधी जिन्यात संगीत ऐकू आलं होतं, पण ते चित्रात काढता येईना.

शेवटी काकांची पाळी आली. चित्रकार म्हणाला, "तुम्ही फोटोवाले. तुमच्यावर भिस्त आहे. कान कसे होते?"

काकांनी डोळे मिटले. दाराची फट आठवली, पिशवी आठवली, निळा दोरा आठवला. दोऱ्याच्या वर बघितलं तर तिथे नऊ वाजताचा खलनायक उभा होता, नीट प्रकाशात, तीन बाजूंनी. काकांनी डोळे उघडले. मग त्यांनी सांगितलं की कान आठवत नाहीत.

चित्र पूर्ण झालं आणि सगळ्यांनी एकमुखाने ओळखलं. हाच तो. चौकाचौकांत लावलं गेलं. आठवडाभरात एक्केचाळीस फोन आले. अडतीस जणांनी तो कुठल्या चॅनेलवर दिसतो ते कळवलं, दोघांनी पुढच्या भागात काय होणार ते विचारलं, आणि एका बाईंनी तो प्रत्यक्षात फार सज्जन असून माझ्या बहिणीच्या शेजारी राहतो असं सांगितलं. चौकशीअंती तो खरोखरच तो नट निघाला.

अशा वेळी साधी माणसं चूक कबूल करून गप्प बसली असती. समितीने चूक सुधारली. सचिवांच्या बायकोच्या लक्षात आलं की आपण मालिकाच चुकीची लावली होती. अनोळखी बाईला उचलून दवाखान्यात नेणारा, तिची पिशवी घरी पोचवणारा, अपमान सोसून निघून जाणारा माणूस नऊच्या मालिकेत नसतो. तो साडेसातच्या मालिकेत असतो. तिथला नायक हमाल आहे. कपडे ठिगळांचे, पण स्वच्छ. डोळे ओलसर. सुधारित वर्णन लगेच जारी झालं: वय पंचविशीच्या आसपास, अंगाने किडकिडीत, परिस्थिती गरीब, मन मोठं. आठही साक्षीदारांना आता हा माणूस स्पष्ट आठवू लागला. मास्तरांना तर संगीतही वेगळं आठवलं.

बाजारात कापडाच्या वखारीवर एक हमाल सापडला, वर्णनाशी तंतोतंत जुळणारा. मी तो नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. समितीला याहून भक्कम पुरावा नको होता. साडेसातचा नायकही प्रत्येक वेळी हेच म्हणतो.

जिन्याखाली त्याचा सत्कार ठरला. फुलांचा गुच्छ, खुर्ची, सचिवांचं भाषण. फोटो अर्थातच काकांनी काढायचे. भाषणात सचिवांनी सांगितलं की माणसाला कपड्यांवरून पारखू नये, आणि हे सांगताना हमालाच्या कपड्यांकडे दोनदा बोट दाखवलं. काकांनी सवयीने हमालाला म्हटलं, हनुवटी खाली, कान दिसू द्या. मग कॅमेरा खाली करून त्याला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांगा. तुम्हीच होतात का?"

"नाही हो काका. मी यांना किती वेळा सांगितलं. ते म्हणतात, तोही असंच म्हणतो."

"मग आलात कशाला?"

"मालकाने सुटी दिली. म्हणाला, आपल्या दुकानाचं नाव होईल." हमालाने गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. काकांच्या तोंडाकडे बघून त्याला राहवलं नाही. "तुम्हाला बरं वाटणार असेल तर सांगतो काहीतरी. बाई म्हणाल्या की, स्वतःला जपा. मी कुठेही असले तरी तुमच्याजवळच आहे."

काका म्हणाले, "ती असं बोलली असती तर डॉक्टरांनी आधी तिचा ताप बघितला असता."

आणि त्यांना हसू आलं. तिच्या तोंडी हे वाक्य आहे असा त्यांनी विचार केला, ती हे म्हणताना कशी दिसेल ते डोळ्यांसमोर आणायला गेले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. जिन्याच्या कठड्याला धरून ते हळूहळू खाली बसले. हमालाने गुच्छ खाली ठेवला आणि त्यांचा दंड धरला. सगळ्यांनी मान हलवली. मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला. सचिवांनी लगेच आपल्या मोबाईलवर फोटो काढला. चांगला आलाय, प्रकाशही योग्य बाजूने आहे. काकांवर ठेवलेली नजर समितीने त्याच दिवशी उठवली.

प्रकरण बंद झालं आहे. समिती दोन्ही बाजूंनी यशस्वी ठरली: चोर पकडला गेला आणि देवासारखा माणूसही सापडला. फक्त प्रत्यक्ष दारात जो उभा होता, तो दोन्हीकडे नव्हता.

आता थोडं वाचकांविषयी. वाचक शहाणे असल्यामुळे या इमारतीला ते मघापासून हसत आहेत, आणि ते योग्यच आहे. पण वर काय लिहिलंय ते एकदा बघून घ्यावं. तो माणूस तरुण होता असं कुठे लिहिलेलं नाही. गरीब होता असंही नाही. समिती तसं म्हणाली, आणि समिती कशी आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुमच्या मनात तो कधीचा उभा आहे, जरासा किडकिडीत, साधा शर्ट घातलेला, टॉवेलाखाली बिचारा घाबरलेला. तो साठीचा असेल, गाडी स्टॉपपाशी सोडून टॅक्सीने गेला असेल, तुमच्या ऑफिसातला वरचा साहेब असेल. त्याच्याबद्दल खात्रीने एवढंच माहीत आहे की त्याला घडी घालता येते. बाकीचा माणूस तुम्ही कुठून आणलात? आणि गेल्या आठवड्यात तुमची बेल वाजली, तुम्ही भोकातून बघितलंत आणि आतूनच 'नकोय' म्हणालात, तेव्हा तो काय द्यायला आला होता?

फोटोवाले काका हल्ली साखळी लावत नाहीत. बेल वाजली की दार उघडतात आणि समोरचा थांबेपर्यंत गप्प उभे राहतात. साबण विकणारीचं ऐकतात, मीटरवाल्याचं ऐकतात, पाणी हवं का विचारतात. समितीने त्यांना लेखी समज दिली आहे. ती ओट्यावर पातेल्याखाली आहे. अनोळखी नंबरही ते उचलतात, पहिल्याच रिंगला. पडदे अजून लावलेले नाहीत. रिंगा पिशवीत आहेत.

रोज ते वेगवेगळा शेवट लावून बघतात. बाई म्हणाल्या की गीझर बंद करा. बाई म्हणाल्या की घाबरू नका, दार उघडा. एकही तिच्या आवाजात बसत नाही. पुढे ती काय म्हणाली, ते ऐकायचं राहिलं आहे.